वाचून दाखवले, बरोबर आहे

त्र्यंबकराव सोवनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, याला अठ्ठावन्न वर्षं झाली. त्यांच्यावरचा खटला आता माझ्या घरी चालतो.

गेल्या चैत्रात जुन्या कोर्टाची इमारत पाडली. नव्या इमारतीत जुन्या खटल्यांना जागा नव्हती, म्हणून जे अजून चालू आहेत ते हयात साक्षीदारांच्या घरी वाटून देण्यात आले. सोवनींच्या खटल्यात नऊ साक्षीदार होते. मी सातवा. बाकीचे आठ वारले. एका मंगळवारी सकाळी साडेदहाला हमाल आले आणि त्यांनी माझ्या बाहेरच्या खोलीत न्यायाधीश साहेबांचं टेबल, साक्षीदाराचा आणि आरोपीचा असे दोन पिंजरे आणि लोकांना बसायला तीन बाकं लावली. खोली दहा बाय बारा आहे. तरी सगळं बसलं. माझी खाटही हलवावी लागली नाही. साहेबांनी तिच्यावरच टेबल ठेवून घेतलं.

कारकून तोच होता. तेव्हा तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता, आता माझ्या मुलाच्या वयाचा वाटतो. मला मुलगा नाही. त्याच्या तोंडात तेव्हाही लवंग असायची.

"निकाल तर लागला होता," मी त्याला म्हणालो.

"निकालाचा गठ्ठा वेगळा असतो," तो म्हणाला.

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती माझ्या बहिणीची मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, यजमान गेले, तेव्हापासून आठ वर्षं माझ्याकडे राहते. तिनं माणसं मोजली आणि चहाचं आधण वाढवलं. मग मला हळूच बोलावून विचारलं, हे दर मंगळवारी का. मी म्हणालो, बहुतेक. ती म्हणाली, मग मंगळवारचा उपास सोडावा लागणार, इतक्या लोकांना चहा देऊन आपण कोरडं कसं बसायचं.

सोवनी कोण, हे आता सांगावं लागतं. तेव्हा लागत नव्हतं. त्यांची कादंबरी निघाली की आमच्या छापखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बांधणीची वाट बघत बसायची. खटल्यानंतर तीच माणसं त्यांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचू लागली. पुढे शाळेच्या पुस्तकात त्यांचा एक धडा आला. धड्याखाली इतर लेखकांचा परिचय असायचा, त्यांचा नव्हता.

मी त्या छापखान्यात प्रुफं तपासायचो. त्याची एक रीत होती. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं समोरच्या प्रुफावर पेन्सिल धरून ऐकायचं. परिच्छेद संपला की ऐकणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, मग वाचणारा पुढे जायचा. काही वेगळं असेल तर त्यानं थांबवायचं. दिवसातून दीडशे वेळा तरी मी बरोबर म्हणत असेन. आई जेवताना विचारायची, आमटीत मीठ कसं झालंय, तर मी म्हणायचो, बरोबर. ती म्हणायची, या मुलाच्या पानात उद्या माती वाढली तरी हा बरोबरच म्हणेल.

सोवनी त्यांचं हस्तलिखित वाचायला स्वतः येत. दुसऱ्या कुणी वाचलेलं त्यांना खपत नसे. त्यांचा आवाज सपाट होता, स्वतःच्या वाक्यांनाही ते चढवून वाचत नसत. एका दुपारी वाचता वाचता त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. वाचणं चालूच होतं. पेन्सिल माझ्या उजव्या हातात होती आणि हात त्यांनी डाव्या मनगटावर ठेवला होता, त्यामुळे कामात खंड पडला नाही. अडीच पानं तशी गेली. मग पान उलटायला त्यांनी हात उचलला. दार उघडं होतं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसानं ते पाहिलं.

खटला सोवनींच्या दुसऱ्याच एका पुरुषाशी असलेल्या संबंधांबद्दल होता. पण सरकारी वकिलांना आरोपीची सवय दाखवून द्यायची होती, म्हणून मला बोलावलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वकिलांनी विचारलं, हात ठेवला का. मी हो म्हणालो. किती वेळ? अडीच पानं. लोक हसले. तुम्ही काय करत होता? प्रुफ तपासत होतो. पुन्हा हसले. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटलं. मी म्हणालो, सांगता येत नाही.

कोर्टाचीही एक रीत आहे. साक्षीदार बोलतो ते कारकून लिहितो, शेवटी वाचून दाखवतो, आणि साक्षीदारानं बरोबर आहे असं म्हणून सही करायची असते. कारकुनानं माझी साक्ष वाचली. त्याचा आवाजही सपाट होता. "आरोपीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मला त्याची किळस आली. भीतीमुळे मी ओरडलो नाही." परिच्छेद संपला. तो थांबला.

"बरोबर," मी म्हणालो.

ते सवयीनं म्हणालो की भीतीनं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. चुका शोधणं हा माझा धंदा होता. ती दोन वाक्यं मी बोललो नव्हतो, हे मला सही करताना कळत होतं. निकालात किळसेचं वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. वर्तमानपत्रांत तर ते मथळ्यातच आलं. सोवनींना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

तुरुंगातून त्यांनी मला एक अंतर्देशीय पाठवलं. निम्मं कोरंच होतं. त्यांनी लिहिलं होतं, इथे वाचायला मिळतं, डोळे बरे आहेत. मग लिहिलं होतं, "त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यातून मला नीट ऐकू आलं नाही. मधे पंखा होता. ते वाक्य तू बोललास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मी रागावणार नाही."

सुटल्यावर ते पाच वर्षांनी वारले. मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. बसायचो.

पहिल्या मंगळवारी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी होता, त्यामुळे पाठीला फोडणीची ऊब लागत होती. साहेबांनी नाव, वय, धंदा विचारला. ते माझ्याकडे बघत नव्हते. कारकुनानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. "नाव एकनाथ गोविंद ओतारी. वय एक्क्याऐंशी. धंदा काही नाही. राहणार सदर खोली. सदर खोलीस पूर्वेकडे खिडकी नाही."

"बरोबर," मी म्हणालो.

पूर्वेकडे खिडकी होती. तिथे भिंत झाली. आवाज झाला नाही, फक्त टेबलावरचा उजेड गेला, आणि हवालदारानं उठून दिवा लावला.

कोर्ट पाचला उठलं. वैजूनं भिंतीवरून हात फिरवला. तिच्या मनीप्लांटची बाटली खिडकीत असायची. ती पलीकडे राहिली.

"इथं खिडकी होती ना, मामा?"

"होती."

"मग बरोबर कशाला म्हणालात?"

"वाचून दाखवलं."

ती म्हणाली, असू दे, कॅलेंडर लावायला जागा नव्हतीच.

त्यानंतर ते असंच होत गेलं. जे वाचून दाखवलं जाई आणि मी बरोबर म्हणे, ते तसं होई. दुसऱ्या मंगळवारी जिन्याच्या तीन पायऱ्या गेल्या. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे घर थोडं खाली आलं. तिसऱ्या मंगळवारी कारकुनानं वाचलं की साक्षीदाराच्या कपाटात छापील पुस्तके नाहीत. माझ्याकडे साडेचारशे पुस्तकं होती. मी कपाट उघडून पाहिलं. पुस्तकं जागच्या जागी होती, पानंही होती, छापलेलं काही नव्हतं. चौथ्या मंगळवारी वाचलं की साक्षीदारास बहीण नव्हती. मी बरोबर म्हणालो. भिंतीवरच्या फोटोत आई-वडिलांच्या मधे मी एकटा उभा होतो, आणि शेजारी लुगड्याचा काठ तेवढा राहिला होता.

मी वैजूला विचारलं, मग तू मला मामा का म्हणतेस. ती म्हणाली, सवयीनं.

या सगळ्यात मला काही वाटत नव्हतं, हे मला सांगायला हवं. वाईट वाटेल अशी मी वाट बघत असे. पिंजऱ्यात उभं राहिलं की पाय तेवढे दुखायचे.

मग ही रीत घराबाहेर गेली. एका सकाळी मी डेअरीवर दूध आणायला गेलो. डेअरीवाल्यानं चिठ्ठीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "गाईचं अर्धा लिटर, पाव एक, आणि मला त्याची किळस आली." मी बरोबर म्हणालो. त्यानं पिशवी दिली. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि म्हणाले, वरचा एकशे पन्नास, खालचा नव्वद, आणि मला त्याची किळस आली, मीठ कमी करा. बागेत बाकावर दोन निवृत्त माणसं बसली होती. एक दुसऱ्याला नातवाच्या कॉलेजबद्दल सांगत होता. सांगून झाल्यावर दुसऱ्यानं ते त्याला वाचून दाखवलं आणि शेवटी ते वाक्य जोडलं. पहिला म्हणाला, बरोबर. कुणाच्याही आवाजात राग नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं ते बोलत होते. मला वाटलं, आपण त्या दिवशी सही केली तेव्हा ते एकाच कागदावर होतं. इतक्या तोंडांत कसं गेलं?

मी कारकुनाला विचारलं, ते वाक्य तेव्हा तूच घातलंस का. तो म्हणाला, नाही. "मी फक्त जागा सोडली होती," तो म्हणाला. "ते आपोआप आलं. दर वेळी येतं."

त्याच सुमारास वाचनालयातून फोन आला. चिटणीस बाई बोलत होत्या. सोवनींची जन्मशताब्दी आहे, वाचनालयाच्या नव्या हॉलला त्यांचं नाव द्यायचं घाटतंय, पण समितीत दोघं अडून बसलेत. त्यांच्याबरोबर काम केलेले तुम्हीच एकटे उरलात. माणूस म्हणून कसे होते, चार ओळी लिहून द्या. ते प्रकरण सोडून. मी प्रयत्न करतो म्हणालो.

वैजूनं ऐकलं होतं. जेवताना तिनं विषय काढला. तिचं म्हणणं असं की पुस्तकांना तिचा काही विरोध नाही, तिनं सातवीला त्यांचा धडा वीस वर्षं शिकवला, शिकवताना डोळ्यांत पाणी यायचं. पण हॉलला नाव म्हणजे ते रोज तोंडी येणार. लग्नाच्या पत्रिकेवर छापणार.

"पोरं विचारतील, हे कोण? काय सांगायचं त्यांना?"

"लेखक होते, असं सांगायचं," मी म्हणालो.

"आणि तुरुंगात का गेले म्हणून विचारलं तर?"

मी म्हणालो की तो कायदा आता राहिलेला नाही, तीन वर्षांपूर्वीच दिल्लीच्या कोर्टानं तो काढला.

"दिल्लीनं काढला," ती म्हणाली. "आपल्या आळीनं काढलाय का?" आणि मला पोळी वाढली.

मी चार ओळी लिहायला बसलो. पहिल्या ओळीत लिहिलं की ते वेळेवर येत. दुसरीत, की स्वतःच्या चुका त्यांना दाखवल्या तर आवडत. तिसरीत, की त्यांच्या डब्यात नेहमी दोन माणसांचं असे. चौथी ओळ मी विचार करून लिहिली आणि लिहून झाल्यावर वाचली. मला त्याची किळस आली. अक्षर माझंच होतं. मी कागद फाडून दुसरा घेतला. सात कागद झाले. अठ्ठावन्न वर्षं मी सोवनींना उत्तर लिहायला बसायचो, तेव्हाही असंच व्हायचं. मला वाटायचं, बाकी कुणाला असं होत नसेल.

त्या दिवसापासून सोवनींचं अंतर्देशीय मी सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो. घरात काय राहील आणि काय जाईल याचा भरवसा नव्हता. बाकी सगळं गेलं तरी चालण्यासारखं होतं. ते पत्र होतं तोवर त्याचं उत्तर द्यायचं बाकी होतं. ते गेलं असतं तर मला कुणी काही विचारलंच नव्हतं असं झालं असतं, आणि मग ते वाक्य माझंच.

सातव्या मंगळवारी कारकुनानं वाचलं, "सदर खोलीस जाण्यायेण्याचा दरवाजा एकच असून तो आरोपीचा आहे."

"बरोबर," मी म्हणालो.

आमचं पुढचं दार गेलं. आरोपीच्या पिंजऱ्यामागे कोर्टाबरोबर आलेलं एक अरुंद दार होतं, तेवढं राहिलं. आरोपीचा पिंजरा रिकामाच असे. हवालदार दर मंगळवारी सकाळी त्या दारातून येई, रिकामी बेडी पिंजऱ्याच्या दांड्याला अडकवी आणि संध्याकाळी सोडवून घेऊन जाई. हे तो नीट करायचा. एकदा बेडी विसरला तर परत जाऊन घेऊन आला होता.

वैजू त्या दारानं जायला तयार नव्हती. उपाशी मरेन पण त्या दारानं बाहेर पडणार नाही, कुणी बघितलं तर काय समजेल, असं तिचं म्हणणं. मलाही तिनं जाऊ दिलं नाही. आम्ही आठवडाभर घरातले डाळतांदूळ खाल्ले. भाजी संपली, दूध संपलं. ती म्हणाली, वजन तरी उतरेल.

आठव्या मंगळवारी बाकं भरलेली होती. लोक कुठून येत ते मला कळत नसे. ते साडेदहाला असत आणि पाचला नसत. डेअरीवाला होता, डॉक्टर होते, चिटणीस बाई होत्या. वैजू पहिल्या बाकावर ताटात तांदूळ निवडत बसली होती. खोली आता पिंजऱ्यांपेक्षा फारशी मोठी राहिली नव्हती. साहेबांचं टेबल माझ्या पोटाला लागत होतं.

साहेबांनी काही विचारलं नाही. कारकुनानं थेट वाचायला सुरुवात केली. सोवनींसारखंच तो वाचत होता, शब्द न चढवता. माझं नाव आलं, वय आलं. खिडकी नाही, बहीण नाही, दरवाजा एक. मी प्रत्येक परिच्छेदाला बरोबर म्हणत गेलो. मग त्यानं वाचलं, "आरोपीने साक्षीदारास कधीही कोणतेही पत्र पाठवले नाही."

तो थांबला. लवंग या गालातून त्या गालात गेली.

मी खिशात हात घालून चिमटीत धरून पाहिलं. पत्र अजून होतं. पण पातळ होत चाललं होतं, बोटांना बोटं लागत होती. शब्द माझ्या तोंडात आलेला होता. तो तिथेच असतो. सगळे वाट बघत होते, रागावून नाही, कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी थांबतो तसे. वैजूनं एक खडा काढून बाजूला ठेवला.

"बरोबर नाही," मी म्हणालो.

कारकुनानं पान उलटलं, मग परत आधीचं काढलं. म्हणाला, असं लिहायला इथे जागा नाही. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचा चेहरा अगदी साधा होता.

"मग काय आहे?"

"पत्र आलं होतं," मी म्हणालो.

"काय होतं त्यात?"

"ते वाक्य मी बोललो का, असं विचारलं होतं."

"बोलला होता?"

"नाही."

साहेबांनी विचारलं, आरोपीनं हात ठेवला तेव्हा तुम्हाला काय वाटलं. प्रश्न तोच होता. बाकं हसायला तयार झालेली मला दिसली.

"बरं वाटलं," मी म्हणालो. "अडीच पानं बरं वाटलं. मग त्यांनी पान उलटलं."

कुणी हसलं नाही. कारकून लिहीत होता. टाक कागदावर कुरकुरत होता, तो थांबला, मग त्यानं वाचून दाखवलं. मी पेन्सिल धरावी तसं बोट पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलं होतं आणि ते शब्दांबरोबर सरकत होतं. मी जे बोललो होतो तेवढंच त्यानं वाचलं. कुठे काही वाढवलेलं नव्हतं. मी शेवटपर्यंत शोधलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि सही केली.

वैजूनं ताट खाली ठेवलं.

"हे तुम्ही लिहून दिलंत, मामा?"

"हो."

"मी इथं राहते. मला बाहेर जायचं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत फळ्यावर लिहिताना बोलायची तशी ती बोलत होती. "आईला माहीत होतं?"

मला बहीण नव्हती, त्यामुळे याचं उत्तर मला देता आलं नाही.

ती उठली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं तिच्यासाठी सरकली. काही वेळानं तिथून ती म्हणाली, "ओतारी, गॅसवर डाळ आहे. ती मी बघते. तुम्ही काळजी करू नका."

तिनं मला आडनावानं हाक मारली होती. मला तिथे काहीतरी वाटलं. फार नाही.

कारकुनानं साहेबांच्या कानाशी वाकून सांगितलं की साक्षीदारानं जे सांगितलं ते कबुलीत मोडतं, मात्र तो कायदा आता काढून टाकलेला आहे.

"कायदा काढला असेल," साहेब म्हणाले. "खटला चालू आहे."

मग त्यांनी मला पिंजरा बदलायला सांगितलं. साडेतीन पावलं होती. हवालदारानं आरोपीच्या पिंजऱ्याचं दार माझ्यासाठी उघडून धरलं आणि म्हणाला, या काका, फार दिवस रिकामा होता. साहेबांनी विचारलं, आरोपीला काही सांगायचं आहे का. मी म्हणालो, एका पत्राचं उत्तर लिहायचं आहे. त्यांनी घड्याळ बघितलं आणि लिहा म्हणाले.

कारकुनाच्या पेटीत कोरी अंतर्देशीय होती. त्यानं एक दिलं. पत्ता मी सोवनींच्या पत्रावरूनच घेतला, बराकीच्या नंबरासकट. त्यांनी हो किंवा नाही एवढंच विचारलं होतं. मी लिहिलं, नाही. मग थांबलो आणि वाचलं. शब्द एकच होता आणि तो तोच होता. मी पुन्हा वाचलं. मग त्याच्याखाली लिहिलं, उशीर झाला. तेही वाचलं. पुढे येईल म्हणून मी वाट बघत राहिलो, आणि पेन कागदावर टेकवूनच ठेवलं, पण पुढे काही आलं नाही. बाकीचं पान कोरं ठेवून मी कडा जिभेनं ओलावल्या आणि घडी घातली.

हवालदारानं बेडीचं एक कडं माझ्या उजव्या हातात घातलं आणि दुसरं स्वतःच्या डाव्या. माझ्या डाव्या हातात काठी होती, म्हणून पत्र मी बेडीच्या हातात धरलं. आम्ही त्या अरुंद दारानं बाहेर पडलो. वैजू डाळ ढवळत होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण पळी थांबल्याचं मला ऐकू आलं.

खाली जाळीची गाडी उभी होती. दुपारचे तीन वाजले होते, ऊन होतं. मी आठ दिवसांनी बाहेर आलो होतो. रस्ता होता तसाच होता. मी हवालदाराला म्हणालो, नाक्यावर टपालपेटी आहे, तिथे एक मिनिट थांबता येईल का. त्यानं ड्रायव्हरला पत्र्यावर दोनदा वाजवून सांगितलं.

"कुणाला लिहिलंय?" उतरताना त्यानं विचारलं.

"सोवनींना."

"आहेत का ते?"

"नाहीत."

"मग घेणार कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं यावर विचार केला. मग म्हणाला, पत्ता नीट घातला असला म्हणजे झालं.

पेटी लाल होती, खालचा रंग उडालेला. तिचं तोंड एका हातापुरतं होतं. मी हात घातला तेव्हा बेडीबरोबर त्याचाही हात ओढला गेला, आणि पेटीचं तोंड तेवढं झालं. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून वाकलो. आत गार होतं. मी पत्र सोडलं.

"सुटलं?" त्यानं विचारलं.

"सुटलं."

"पडलं का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यानं डोकं पेटीला टेकवलं. मीही टेकवलं. मागे गाडीचं इंजिन चालू होतं, ते ड्रायव्हरनं बंद केलं. फुटपाथवरची माणसंही थांबली. आम्ही दोघं कोपरापर्यंत हात आत घालून पत्र पडण्याचा आवाज ऐकत उभे राहिलो.